ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंची कामगिरी मोजावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅमेज (शत्रूवर केलेला मारा) मोजणारे मीटर, स्कोअरबोर्ड, विन रेट (जिंकलेल्या मॅचची टक्केवारी), पार्स (लढतीच्या नोंदीतून काढलेले आकडे), रेटिंग यांवरून प्रत्येक मल्टिप्लेअर गेममध्ये वाद होतात. एकाला त्यातून खेळ सुधारायचा असतो, दुसऱ्याला त्याच आकड्यावरून टीमबाहेर काढलेलं असतं. खालची उत्तरं खेळाडू, गिल्ड (खेळाडूंचा कायमचा गट) किंवा टीम चालवणारे आणि गेम बनवणारे अशा तिघांसाठी आहेत.

कामगिरी मोजणारी साधनं म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानाने चार गोष्टी यात येतात. पहिली, गेमने स्वतः दाखवलेले आकडे: स्कोअरबोर्ड, मॅचनंतरचा तक्ता, करिअर प्रोफाइल. दुसरी, खेळ चालू असताना दिसणारे मीटर, उदाहरणार्थ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधले ‘रीकाउंट’, ‘स्काडा’ किंवा ‘डीटेल्स’ हे गेमला बाहेरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅडऑन. तिसरी, लढतीची नोंद (लॉग) फाइलमध्ये साठवून नंतर तिची चिरफाड करणाऱ्या ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’सारख्या साइट. चौथी, कंपनीच्या अधिकृत एपीआयमधून (बाहेरच्या प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या दारातून) मॅचचा इतिहास घेऊन प्रत्येक खेळाडूचं पान तयार करणाऱ्या साइट, जसं ‘डोटा २’साठी ‘डोटाबफ’ आणि ‘ओपनडोटा’.

कल्पना जुनीच आहे. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये चॅटचा मजकूर फाइलमध्ये उतरवण्याची आज्ञा होती. खेळाडू त्या फाइलमधल्या ‘अमुकने तमुकला इतकं डॅमेज केलं’ अशा ओळी प्रोग्रॅमकडून वाचून घेऊन बेरीज करत. ‘पार्स’ हा शब्द गेमिंगमध्ये रुळला तो याच कामातून.

मग ती असावीत की नसावीत? सरळ उत्तर द्या.

असावीत, आणि गेमच्या आतच असावीत. मात्र खेळाडूला स्वतःचा आकडा पूर्ण तपशिलासह मिळावा, आणि दुसऱ्याचा आकडा त्याच्या परवानगीशिवाय मिळू नये. वादाचं मूळ मोजण्यात क्वचितच असतं. आकडा कोण पाहतो, कधी पाहतो आणि त्यावरून कोणता निर्णय घेतो, यात ते असतं. मॅच संपल्यावर स्वतःसमोर आलेला आकडा शिकवतो. तोच आकडा मॅच सुरू होण्याआधी नऊ अनोळखी लोकांसमोर गेला तर माणसाला दारातूनच परत पाठवतो.

सरसकट बंदी घातली तर भांडणच मिटेल ना?

मिटत नाही, नजरेआड होतं. ‘फायनल फँटसी १४’ हे याचं उत्तम उदाहरण. तिथे नियमांनुसार बाहेरची सगळीच साधनं निषिद्ध आहेत. तरीही पीसीवरचे असंख्य खेळाडू ‘अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट ट्रॅकर’ वापरतात आणि त्यांचे लॉग ‘एफएफ लॉग्ज’वर चढतात. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्याला असा प्रोग्रॅम चालवताच येत नाही. म्हणजे एकाच लढतीत एकाला सगळ्यांचे आकडे दिसतात आणि दुसऱ्याला स्वतःचाही दिसत नाही. वर त्या आकड्यांबद्दल चॅटमध्ये ब्र काढला तर कारवाई होण्याची भीती. त्यामुळे ‘तू अमुक कौशल्य वापरायचं विसरतोस’ हा साधा, उपयोगी सल्लासुद्धा कुणी देत नाही.

याच गेमने एक चांगली वाटही काढली आहे. ‘स्टोन, स्काय, सी’ नावाच्या सरावात तुम्ही एखादी लढत निवडता आणि त्या लढतीच्या मापाचा पुतळा ठरावीक वेळात फोडून दाखवता. फुटला तर तुमचा मारा पुरेसा आहे. इथे आकडा नाही, तुलना नाही आणि कुणी बघतही नाही. बंदीसोबत असं काहीतरी दिलं तर ती निदान प्रामाणिक ठरते.

उलट्या बाजूने, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने वर्षानुवर्षं मीटर अ‍ॅडऑनवर सोपवले होते. २०२५ मध्ये त्याच्या कंपनीने, ब्लिझार्डने, गेममध्येच स्वतःचा डॅमेज मीटर आणण्याची आणि लढतीत पुढची चाल सुचवणाऱ्या अ‍ॅडऑनना आवर घालण्याची दिशा जाहीर केली. ही दिशा आम्हाला योग्य वाटते. मोजण्याचं काम गेमने करावं आणि विचार खेळाडूने.

डीपीएस कसा काढतात? दोन मीटर वेगवेगळे आकडे का दाखवतात?

डीपीएस म्हणजे एकूण डॅमेज भागिले सेकंद. गोंधळ ‘सेकंद’ या शब्दात आहे. समजा लढत ३०० सेकंद चालली. पहिल्या खेळाडूने २,४०,००० डॅमेज केलं, पण तो २०० व्या सेकंदाला मेला. दुसऱ्याने शेवटपर्यंत टिकून २,८५,००० केलं. पूर्ण लढतीच्या वेळेने भागलं तर पहिल्याचे ८०० आणि दुसऱ्याचे ९५० येतात. ‘सक्रिय वेळ’ धरणाऱ्या मीटरवर पहिल्याचे होतात १,२०० आणि तो वर चढतो. मेलेला माणूस यादीत पहिला दिसला, तर आधी मीटरची ही सेटिंग बघा. टीमसाठी पूर्ण वेळेचा हिशोबच खरा, कारण बॉस (लढतीतला मुख्य शत्रू) तुमच्या मरणानंतरही उभा असतो.

फरकाची आणखी कारणं:

ओव्हरकिल: बॉसचं आयुष्य ५,००० उरलं असताना २०,००० चा फटका बसला, तर काही मीटर २०,००० धरतात आणि काही ५,०००.

अंतर: अनेक गेममध्ये लॉगमध्ये फक्त जवळच्या घटना येतात. मैदानाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्यांचे लॉग जुळत नाहीत.

पाळीव प्राणी: लॉग सुरू होण्याआधी बोलावलेला प्राणी कधीकधी मालकाच्या खात्यात धरलाच जात नाही.

शोषलेलं डॅमेज: ढालीवर आदळलेला मारा मोजायचा की नाही, हे प्रत्येक साधन आपापलं ठरवतं.

तुलना करायची तर सगळ्यांचे आकडे एकाच लॉगमधून, एकाच साधनाने काढा. दोघांच्या स्क्रीनशॉटवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आकडा मोठा म्हणजे खेळाडू चांगला, असं मानायला हरकत काय आहे?

हरकत आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक अन्याय इथेच होतो.

आकडा फुगवता येतो. लढतीत किरकोळ शत्रूंचा घोळका येतो, त्याला मारायची गरज नसते, तो आपोआप मरणार असतो. त्याच्यावर मारा केला की मीटर झरझर वर जातो आणि बॉस तसाच राहतो. खेळाडू याला ‘पॅडिंग’ म्हणतात. हीलिंगमध्येही, म्हणजे साथीदाराचं आयुष्य भरून काढण्यातही हेच. ३,००० आयुष्य कमी असलेल्याला १०,००० चं हील दिलं, तर उपयोगी ३,०००, वाया ७,०००. ओव्हरहील न वजा करता हीलरची तुलना करणं चूकच.

मग न दिसणारं काम. शत्रूचा जादूचा वार मध्येच तोडणं, योग्य जागी उभं राहणं, टीममधल्याला वाचवण्यासाठी स्वतःचा मारा थांबवणं, नकाशावर वॉर्ड (आसपासचा भाग टीमला दाखवणारी वस्तू) लावणं, हे डॅमेजच्या रकान्यात शून्य दिसतं. जुलै २०२३ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘ऑग्मेंटेशन इव्होकर’ आला. त्याचं मुख्य कामच इतरांचा मारा वाढवणं. मीटरवर तो वाढलेला मारा इतरांच्या नावावर दिसू लागला आणि ज्याच्यामुळे तो वाढला तो तळाशी राहिला. श्रेयाची वाटणी करण्यासाठी साधनांना नव्याने हिशोब मांडावा लागला, आणि त्यातही अंदाज आलाच. ‘एफएफ लॉग्ज’वर डीपीएसचे अनेक प्रकार दिसतात ते याचसाठी: दुसऱ्याने दिलेल्या बळामुळे वाढलेला मारा कुणाच्या खात्यात टाकायचा, याची ती वेगवेगळी उत्तरं आहेत.

मोबा, म्हणजे ‘डोटा २’सारख्या दोन टीमच्या लढतीच्या गेममधल्या केडीएचंही तेच. सूत्र साधं: किल (मारलेले शत्रू) अधिक असिस्ट (मारायला केलेली मदत), भागिले डेथ (स्वतःचे मृत्यू). मागे उभा राहून ४ किल, ३ असिस्ट आणि १ डेथ करणाऱ्याचा केडीए ७. पुढे घुसून प्रत्येक लढत सुरू करणाऱ्याचे ३ किल, २० असिस्ट आणि ८ डेथ असतील तर जेमतेम २.९. मॅच जिंकून देणारा दुसरा असू शकतो. आणि पहिल्याला आपला केडीए जपायचा असेल तर तो पुढच्या वेळी आणखी मागे उभा राहील.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं, ते इथे जसंच्या तसं लागू पडतं: एखादं माप नियंत्रणासाठी वापरायला लागलं की ते माप म्हणून बिघडतं.

शूटर गेममध्ये कोणते आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे?

नुसत्या किल-डेथपेक्षा दर राउंडचं सरासरी डॅमेज बरं, कारण शेवटची गोळी कुणाची यावर ते अवलंबून नसतं. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये कास्ट हा टक्का पाहतात: किती राउंडमध्ये तुम्ही किल केलं, असिस्ट दिलं, जिवंत राहिलात किंवा मेल्यावर लगेच साथीदाराने बदला घेतला. २४ पैकी १८ राउंडमध्ये यातलं काहीतरी घडलं तर कास्ट ७५ टक्के. आत घुसणारा खेळाडू मरतो, पण त्याचा बदला घेतला जात असेल तर त्याचं मरण वाया गेलेलं नाही, हे या आकड्यात दिसतं. तरीही स्मोक आणि फ्लॅश (धुराचे आणि डोळे दिपवणारे बॉम्ब) योग्य वेळी टाकण्याचं मोल यात पुरतं उतरत नाही. त्यासाठी डेमो (मॅचचं साठवलेलं रेकॉर्डिंग) बघावा लागतो.

किती मॅचनंतर विन रेटवर विश्वास ठेवावा?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त. खरा विन रेट ५० टक्के असलेल्या खेळाडूचा २० मॅचमधला आकडा केवळ योगायोगाने २२ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. १०० मॅचला ही चूक सुमारे १० टक्के, ४०० ला ५ टक्के आणि १,००० मॅचला ३ टक्के राहते. अगदी साधारण खेळाडूलाही २० पैकी १२ किंवा अधिक मॅच जिंकण्याची संधी चारात एक असते. तेव्हा ‘या हिरोवर माझा ६० टक्के विन रेट आहे’ हे २० मॅचवर सांगण्यासारखं नाही, आणि १२ मॅच हरलेल्याला हाकलण्यासारखं तर मुळीच नाही.

चांगली मॅचमेकिंग (प्रतिस्पर्धी जुळवण्याची पद्धत) सगळ्यांना ५० टक्क्यांच्या आसपासच आणते. म्हणून खूप खेळलेल्या माणसाचा विन रेट ५१ असेल तर त्याचा अर्थ ‘तो साधारण आहे’ असा होत नाही. त्याच्या पातळीचे प्रतिस्पर्धी त्याला मिळतात, एवढाच होतो.

रेटिंग आणि ही आकडेवारी यांत फरक काय?

रेटिंग निकालावरून ठरतं. मूळ पद्धत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवली. बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून ६४ टक्के गुणांची अपेक्षा असते, २०० ला ७६ आणि ४०० ला ९१. मार्क ग्लिकमन यांच्या ‘ग्लिको’ पद्धतीने त्यात अनिश्चिततेचं माप जोडलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘ट्रूस्किल’ने टीमचा हिशोब.

फायदा असा की रेटिंग फुगवायला जिंकावंच लागतं. वॉर्ड, सल्ला, धीर, जे काही विजयाला हातभार लावतं ते सगळं आपोआप त्यात येतं. तोटा असा की का जिंकलात किंवा का हरलात, हे रेटिंग सांगत नाही. मॅचमेकिंगसाठी रेटिंग आणि शिकण्यासाठी तपशीलवार आकडे, अशी कामाची वाटणी असावी. टीम गेममध्ये रेटिंगच्या गणितात वैयक्तिक डॅमेज मिसळलं की खेळाडू जिंकण्याऐवजी डॅमेजच्या मागे लागतात.

लॉगवरचे रंग आणि पर्सेंटाइल कसे वाचावेत?

‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’वर २५ च्या खाली राखाडी, मग हिरवा, ५० पासून निळा, ७५ पासून जांभळा, ९५ पासून केशरी, ९९ ला गुलाबी आणि १०० ला सोनेरी. ही टक्केवारी गुणांची नाही, क्रमाची आहे. ४० म्हणजे त्या लढतीत, त्या प्रकारच्या पात्राच्या १०० नोंदींपैकी सुमारे ४० तुमच्या खाली. आणि लॉग चढवणारे लोक मुळातच जास्त मनावर घेऊन खेळणारे असतात. त्यांच्यातला ४० हा सर्व खेळाडूंमध्ये बराच वर असतो.

लढत किती लवकर संपली याचाही मोठा परिणाम होतो. समजा तुमचं मोठं कौशल्य २० सेकंद चालतं आणि दर १२० सेकंदांनी परत मिळतं. लढत १४० सेकंदांत संपली तर ते दोनदा पूर्ण वापरून २९ टक्के वेळ चालू राहिलं. २४० सेकंद लागले तर तेही दोनदाच, म्हणजे १७ टक्के. तुम्ही तसूभरही वेगळं न खेळता डीपीएस घसरला. मजबूत गिल्डमधल्या खेळाडूंचे रंग उजळ दिसतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

आमच्या गिल्डचा लॉग कसा वाचायचा? पायऱ्या सांगा.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ धरून सांगतो, क्रम कुठेही तोच चालतो. आधी सेटिंगमधल्या नेटवर्क विभागात ‘अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग’ चालू करा, नाहीतर जागा आणि आयुष्याचा तपशील लॉगमध्ये येत नाही. मग चॅटमध्ये ‘स्लॅश कॉम्बॅटलॉग’ ही आज्ञा द्या. फाइल गेमच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये तयार होते आणि भराभर वाढते. दर आठवड्याला जुनी फाइल हलवा, नाहीतर अपलोड रखडतो. एका रेडसाठी (अनेकांनी मिळून लढायच्या मोठ्या मोहिमेसाठी) एकानेच अपलोड करायचं असं ठरवा.

वाचताना डॅमेजचा तक्ता सगळ्यात शेवटी उघडा.

१. मृत्यू: पहिला कोण मेला, कशाने, त्याआधीच्या १० सेकंदांत त्याला हील मिळालं का, बचावाचं कौशल्य हाताशी होतं का. हरलेल्या बहुतेक प्रयत्नांचं उत्तर पहिल्या दोन मृत्यूंत सापडतं.

२. टाळता येण्यासारखं डॅमेज: आगीत कोण उभं होतं, किती वेळा.

३. तोडायचे वार: किती सुटले, कुणाची पाळी होती.

४. सक्रियता: प्रत्येकजण किती टक्के वेळ काहीतरी करत होता. ९५ आणि ८० टक्क्यांत जो फरक पडतो, तो कौशल्यांचा क्रम बदलून भरून येत नाही.

५. मोठ्या कौशल्यांचा वापर: लढतीत चारदा वापरता आलं असतं, ते दोनदाच वापरलं का.

६. मग डॅमेज, तेही त्याच पात्राच्या, त्याच लढतीच्या आणि साधारण तितक्याच वेळाच्या नोंदीशी ताडून.

निष्कर्ष त्या खेळाडूला खासगीत सांगा, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘तुझे आकडे कमी आहेत’ या वाक्याने कुणाचंही काही सुधारत नाही. ‘दुसऱ्या टप्प्यात तू १४ सेकंद नुसता पळत होतास, तिथे हे कौशल्य चालता चालता वापरता येतं’ याने सुधारतं.

आकड्यांमुळे शिवीगाळ वाढते का?

वाढू शकते, आणि गेम बनवणाऱ्यांनी यावर केलेले उपाय बोलके आहेत. २०१६ मध्ये आलेल्या ‘ओव्हरवॉच’ने स्कोअरबोर्डऐवजी पदकं दिली: तुम्हाला स्वतःचा आकडा आणि टीममध्ये तुमचा क्रमांक दिसे, इतरांचे आकडे नाहीत. तरी लोक ‘माझ्याकडे डॅमेजचं सोनं आहे, बाकीचे काय करताहेत’ असं ओरडतच. २०१८ मध्ये प्रोफाइल लपवण्याची सोय आली. २०२२ च्या ‘ओव्हरवॉच २’मध्ये पदकं जाऊन पूर्ण स्कोअरबोर्ड आला. अर्धवट माहितीने भांडण थांबलं नाही, फक्त पुराव्याशिवाय होत राहिलं.

सगळ्यात घातक वेळ म्हणजे मॅचच्या आधीची. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये ‘एक्सव्हीएम’ मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेला बदल) प्रत्येक खेळाडूच्या नावाला त्याच्या रेटिंगचा रंग देई. परिणाम असा की उजळ रंगाच्या रणगाड्यावर सगळे शत्रू आधी तुटून पडत, आणि आपल्या टीमचे रंग फिके दिसले की काहीजण लढायच्या आधीच हात टेकत. पुढे गेमला नाव झाकण्याची सोय द्यावी लागली. ‘लीग ऑफ लेजंड्स’ने २०२२ मध्ये रँक्ड सोलोच्या (एकट्याने उतरायच्या, क्रमवारीच्या मॅचच्या) पात्रनिवडीत साथीदारांची नावं झाकली, कारण लोक तिथल्या तिथे नाव शोधून, इतिहास बघून मॅच सोडत होते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘गिअरस्कोअर’ अ‍ॅडऑनने सगळा पोशाख एका आकड्यात कोंबला आणि रेड जमवणारे तो आकडा मागू लागले. लढत येते की नाही, हे विचारणं बाजूलाच राहिलं.

माझी आकडेवारी लोकांपासून लपवता येते का?

गेमनुसार. ‘डोटा २’च्या सेटिंगमध्ये मॅचचा डेटा सार्वजनिक करण्याचा पर्याय आहे. तो बंद ठेवला की बाहेरच्या साइटवर तुम्ही निनावी दिसता. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये दुसऱ्याने काढलेल्या लॉगमध्ये निनावी राहण्याची सेटिंग आहे, आणि हा नमुना सगळ्यांनी उचलावा असा आहे: लॉग पूर्ण राहतो, नाव तेवढं जात नाही. ‘व्हॅलोरंट’च्या एपीआयसाठी त्याच्या कंपनीने, रायटने, अट घातली की खेळाडूने स्वतः परवानगी दिल्याशिवाय त्याची आकडेवारी दाखवायची नाही. लॉगच्या साइटवरही बहुधा स्वतःचं पात्र जोडून घेतल्यावर ते लपवता येतं.

बाहेरचं साधन वापरलं तर अकाउंट बंद होईल का?

साधन माहिती कुठून घेतं, ते बघा. अधिकृत एपीआय वापरणारी साइट सुरक्षित. गेमने स्वतः लिहिलेली लॉग फाइल वाचणारं साधनही सहसा सुरक्षित. गेमच्या मेमरीत किंवा नेटवर्कच्या पॅकेटमध्ये डोकावणारं साधन धोक्याचं, कारण चीटही नेमकं तेच करतात आणि अँटी-चीटला (फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेला) हेतू कळत नाही. ‘गिल्ड वॉर्स २’मधलं ‘आर्कडीपीएस’ हा अपवाद: ते गेममध्ये शिरून चालतं, पण लढतीच्या माहितीपुरतं मर्यादित राहण्याच्या अटीवर गेमच्या कंपनीने, अरीनानेटने, त्याला मुभा दिली. अशी लेखी मुभा नसेल तर दूर राहा.

आणि लॉगिनबद्दल सावध राहा. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या मॅच बघणाऱ्या साइटला मॅच-इतिहासाचा कोड द्यावा लागतो. त्यातून फक्त इतिहास दिसतो आणि तो कोड स्टीमवरून (ज्या मंचावरून हा गेम घेतात तिथून) रद्द करता येतो. स्टीमची वेब एपीआय की मात्र कुणालाही देऊ नका. ती हाती लागली की ठग तुमचे व्यवहार मध्येच पळवतात. आकडे दाखवणाऱ्या साइटला तुमच्या कीची गरज नसते.

मी नवा आहे. काय मोजू?

एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही तुमच्या हातात असलेली. मोबामध्ये पहिल्या १० मिनिटांतले लास्ट हिट (शत्रूला संपवणारे शेवटचे फटके). शूटरमध्ये दर राउंडचं डॅमेज. रेडमध्ये टाळता येण्यासारखे मृत्यू. वीसेक मॅचची सरासरी काढा, मागच्या विसांशी ताडून बघा. विन रेटकडे सध्या पाहूच नका.

रेटिंग बघून ताण येत असेल तर ते बंद करता येतं का ते तपासा. ‘लीचेस’ या बुद्धिबळाच्या साइटवर सगळीकडचे रेटिंगचे आकडे लपवण्याची सेटिंग आहे. जोड्या योग्यच लागतात, आकडा तेवढा दिसत नाही. प्रत्येक रँक्ड गेममध्ये असं बटण असायला काहीच अडचण नाही.

आम्ही गेम बनवतो. मोजमाप कसं बसवावं?

नोंद सर्व्हरवर करा. खेळाडूच्या मशीनकडून आलेल्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक घटनेत वेळ मिलिसेकंदांत, कुणी, कुणाला, कोणत्या कौशल्याने, मूळ आकडा, प्रत्यक्ष परिणाम, वाया गेलेला भाग, ढालीने शोषलेला भाग आणि कुणाच्या बळामुळे किती वाढ झाली, एवढं ठेवा. शेवटचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. तो नंतर जोडणं फार अवघड जातं आणि त्याच्याविना सहाय्यक पात्रांवर कायम अन्याय होतो. जागेची चिंता नको. २० जणांच्या ५ मिनिटांच्या लढतीत प्रत्येकी सेकंदाला ५ घटना धरल्या तर ३०,००० नोंदी होतात. एक नोंद १५० बाइटची धरली तर ४.५ मेगाबाइट, आणि दाबल्यावर त्याहून बरंच कमी.

खेळाडूला जे पडद्यावर दिसत नाही ते मॅच चालू असताना लॉगमध्येही पाठवू नका. शत्रूची जागा लॉगमधून गळली की नकाशा उघडा पाडणारं चीट तयार झालंच. पूर्ण लॉग मॅच संपल्यावर द्या.

दाखवताना प्रत्येक भूमिकेसाठी निदान तीन वेगवेगळी मापं ठेवा आणि त्यांची एका गुणात बेरीज करू नका. तुलना आधी खेळाडूच्या स्वतःच्या मागच्या खेळाशी. ३० मॅचच्या आत टक्केवारी दाखवूच नका, ‘अजून पुरेशा मॅच नाहीत’ असं लिहा. हे वाक्य कंटाळवाणं वाटेल, पण ते खरं आहे. टीम जमवण्याच्या पडद्यावर आकडा द्यायचाच असेल तर ‘ही लढत आधी पूर्ण केली आहे का’ एवढंच द्या. सरावासाठी पुतळा द्या. सहाय्यकाने वाचवलेले जीव, तोडलेले वार, रोखलेलं डॅमेज हे मॅचनंतरच्या पानावर डॅमेजच्या वर दाखवा. जे वर दिसतं, लोक तसंच खेळतात.

एपीआय उघडा ठेवला तर बाहेरच्या साइट नवं रेटिंग काढणार नाहीत का?

काढतील, म्हणून अटी आधीच लिहा. रायटच्या नियमांत अधिकृत रँकला पर्याय ठरणारी एमएमआर (मॅचमेकिंगचं रेटिंग) किंवा एलोची गणकयंत्रं बनवायला मनाई आहे. परवानगी दिलेल्या खेळाडूंचाच डेटा द्या. बाकीच्यांच्या जागी दर मॅचला बदलणारा क्रमांक ठेवा, म्हणजे मॅच जोडून माणूस ओळखता येणार नाही. मात्र एपीआय पूर्ण बंद करू नका. अधिकृत दार बंद झालं की लोक मेमरी वाचणाऱ्या साधनांकडे वळतात, आणि मग अँटी-चीटचं काम दुप्पट होतं.

तपशीलवार आकडेवारी पैसे घेऊन द्यावी का?

खेळाडूचे स्वतःचे कच्चे आकडे फुकट हवेत. विश्लेषण, आलेख, सल्ला यांचे पैसे घेणं आम्हाला मान्य आहे, पण एका अटीवर: मॅच चालू असताना पैसे देणाऱ्याला जास्त माहिती मिळता कामा नये.

मी गेम सोडला तर माझ्या नोंदींचं काय होतं?

गेमच्या बाजूला मुदत वेगवेगळी असते. ‘पबजी’चा एपीआय मॅचचा तपशील १४ दिवसच देतो. बाहेरच्या साइटने तो त्याआधी उचललेला असेल तर तिथे तो पुढेही राहू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हव्या त्या नोंदी आणि डेमो उतरवून घ्या, मग बाहेरच्या साइटवर पात्र किंवा प्रोफाइल काढून टाकण्याची विनंती करा, मग जोडलेले कोड आणि परवानग्या रद्द करा, आणि सगळ्यात शेवटी गेमचं अकाउंट बंद करा. अकाउंट आधी बंद केलं तर ते पात्र तुमचंच होतं, हे साइटला दाखवायला काही उरत नाही.